व्यायाम, विश्रांती आणि आहार यांचा मेळ : गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा, डिचोली, सत्तरी आणि पेडणे या भागांतील नवशिक्यांकडून जे प्रश्न पुनःपुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे निरोगी प्रौढ व्यक्ती गृहीत धरून दिली आहेत. आजार, गर्भारपण किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा न सांगता तेथे केवळ प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. व्यायाम, विश्रांती आणि आहार या तिघांत सर्वांत महत्त्वाचे काय?

व्यायामाने ताकद येते असे आपण म्हणतो खरे, पण व्यायाम संपवून उठतो त्या क्षणी आपण सुरुवातीपेक्षा अशक्तच असतो. वजन उचलताना स्नायूंतील साखरेचा साठा घटतो आणि काही तंतूंना सूक्ष्म इजा होते. त्यानंतर एक-दोन दिवस स्नायूंत नवी प्रथिने घडवण्याचे काम नेहमीपेक्षा जोराने चालते, आणि त्यासाठी लागणारा माल आहारातून व वेळ विश्रांतीतून मिळावा लागतो. म्हणून तिघांत श्रेष्ठ कोण हे विचारणे म्हणजे घर बांधताना गवंडी हवा, चिरे हवेत की दिवस हवेत असे विचारणे होय. प्रत्यक्षात प्रत्येकाचे कोणते तरी एक अंग तोकडे असते आणि प्रगती तेथेच अडते. माझ्या पाहण्यातील बहुतेक तरुणांना झोप कमी पडते, आणि ते डबा मात्र प्रोटीन पावडरचा आणतात.

२. मी कधीच व्यायाम केलेला नाही. आठवडा कसा आखू?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी सांगितलेले प्रमाण असे आहे : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस हालचाल, आणि त्याखेरीज किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंना ताकदीचा व्यायाम. नवशिक्याने सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे तीन दिवस, प्रत्येकी पाऊण तास, संपूर्ण शरीराचा व्यायाम करावा. त्यात बैठका किंवा स्क्वॉट, जोर किंवा डंबेल वर ढकलणे, वजन स्वतःकडे ओढणे, जमिनीवरून वजन उचलणे आणि दोन्ही हातांत ओझे घेऊन चालणे असे पाच प्रकार आले, तर शरीराचा कोणताही मोठा भाग सुटत नाही. प्रत्येक प्रकाराचे दोन किंवा तीन सेट (न थांबता केलेल्या फेऱ्या) आणि प्रत्येक सेटमध्ये ८ ते १२ आवर्तने (तीच हालचाल तितक्या वेळा) पुरेशी होतात. दोन सेटच्या मध्ये दोन मिनिटे थांबावे; ते थांबणे आळशीपणा नव्हे. मधल्या दिवशी अर्धा तास झपझप चालावे, मग ते मिरामारच्या वाळूत असो वा गावच्या देवळापर्यंत. चालताना बोलता येते पण गाता येत नाही, तो वेग मध्यम समजावा.

३. वजन किती घ्यायचे आणि कधी वाढवायचे?

सेट संपताना आणखी दोन-तीन आवर्तने जमली असती असे वाटेल, इतकेच वजन सुरुवातीला घ्यावे. तेच वजन घेऊन सर्व सेटमध्ये १२ आवर्तने नीट होऊ लागली, की पुढील वेळी २.५ किलो वाढवावे. आवर्तने पुन्हा ८ वर उतरतील आणि चढण नव्याने सुरू होईल. हे सारे डोक्यात राहत नाही, म्हणून एक वही ठेवावी. वीस रुपयांची वही हे व्यायामशाळेतील सर्वांत कमी वापरले जाणारे साधन आहे.

४. रोज व्यायाम केला तर ताकद लवकर येणार नाही का?

रोज व्यायामशाळेत जाण्यास हरकत नाही, पण त्याच स्नायूंना रोज जड काम देऊ नये; साधारण ४८ तासांचे अंतर ठेवावे. आठवड्यातून पाच दिवस जायचेच असेल तर एक दिवस शरीराचा वरचा भाग आणि एक दिवस खालचा, अशी पाळी लावता येते. विश्रांतीचा दिवस म्हणजे दिवसभर पडून राहणे नव्हे. त्या दिवशी चालणे, बागेला पाणी घालणे किंवा सावकाश सूर्यनमस्कार घालणे यांनी अंग मोकळेच होते.

५. दुसऱ्या दिवशी अंग दुखले नाही, म्हणजे व्यायाम वाया गेला का?

नाही. ही दुखण नव्या किंवा अंगवळणी न पडलेल्या हालचालीमुळे येते, एक ते तीन दिवसांत शिगेला पोहोचते आणि सरावाने कमी होते. स्नायू किती वाढले याचे ते माप नव्हे. मात्र पहिल्याच दिवशी ईर्ष्येने दोनशे बैठका मारल्यानंतर स्नायू सुजून टणक झाले, अत्यंत अशक्तपणा आला आणि लघवी कोकमाच्या आगळासारखी गडद लाल किंवा तपकिरी होऊ लागली, तर ती साधी दुखण नाही. मोडलेल्या स्नायूंतील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडांना इजा करू शकतात, म्हणून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

६. प्रथिने किती लागतात, आणि ती आमच्या शीत-कढीतून (भात आणि माशांच्या कढीतून) मिळतात का?

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये सामान्य प्रौढासाठी दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने हे प्रमाण ठरवले. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला १.४ ते १.६ ग्रॅम असावीत, म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला ८४ ते ९६ ग्रॅम. त्यापुढे जाऊन फारसा लाभ दिसत नाही.

आता ताटाकडे पाहू. दोन अंड्यांतून १२ ग्रॅम मिळतात, मध्यम आकाराच्या दोन बांगड्यांतून डोके व काटे वगळून सुमारे ३०, वाटीभर अळसांद्यांच्या (चवळीच्या जातीच्या कडधान्याच्या) उसळीतून १०, वाटीभर वरणातून ६, पेलाभर दुधातून ६, वाटीभर दह्यातून ५, आणि दिवसभराचा भात, पोई (गव्हाचा गोवेकरी पाव) व चपाती यांतून मिळून १५. ही बेरीज ८४ होते आणि त्यात बाहेरून विकत आणलेला एकही डबा नाही. अडचण पदार्थांची नसून वाटणीची आहे. सकाळी चहा आणि पाव, दुपारी भाताचा डोंगर व हुमणात (माशांच्या कढीत) तरंगणारा मासळीचा एक तुकडा, रात्री पुन्हा तेच, असा दिवस गेला तर ४५ ग्रॅमही होत नाहीत. म्हणून मासळीचा एक तुकडा वाढवून भाताचा एक डाव कमी करावा आणि सकाळच्या पावाबरोबर अंडी किंवा चण्याची पातळभाजी घ्यावी. दिवसाची प्रथिने तीन-चार वेळांत विभागून घेतली तर प्रत्येक वेळी २० ते ३० ग्रॅम येतात आणि पोटावर भारही पडत नाही. तारले बांगड्यापेक्षा बहुधा स्वस्त असतात आणि प्रथिनांत त्याहून कमी नाहीत. इसवणाची (सुरमईची) प्रतिष्ठा मोठी असली तरी स्नायूंना माशाची किंमत कळत नाही.

७. मासेमारी बंदी, मग श्रावण, मग चवथ (गणेशचतुर्थी). या दिवसांत प्रथिनांचे काय करावे?

यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस समुद्र बंद असतो, आणि तो उघडतो तेव्हा बहुधा श्रावणच येऊन ठेपतो. श्रावणात मासे न खाणाऱ्या घरांत वर्षातील तीन महिने ताटातील प्रथिने न कळत अर्ध्यावर येतात. अंडी चालत असतील तर प्रश्न निम्मा सुटतो. चालत नसतील तर अळसांदे, मूग, चणे आणि मसूर यांच्या उसळी रोज दोन वेळा, सोबत दही किंवा ताक, आणि आठवड्यातून तीन-चार वेळा सोयाबीनच्या वड्या किंवा पनीर ठेवावे. ३० ग्रॅम सुक्या सोयावड्यांत सुमारे १५ ग्रॅम प्रथिने असतात. तांदळातील प्रथिनांत जो घटक कमी असतो तो कडधान्यांत भरपूर असतो, त्यामुळे दोन्ही मिळून काम पुरे होते. मात्र ती एकाच घासात असण्याची गरज नाही. सुक्या बांगड्यांत प्रथिने विपुल असली तरी मीठही तितकेच असते. दिवसाचे एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणून सुके मासे तोंडी लावण्यापुरतेच बरे.

८. ताकद हवी तर भात सोडावा का?

सोडू नये. जड व्यायामात स्नायू मुख्यतः कर्बोदकांवर चालतात, आणि ती फार कमी केली तर तिसऱ्या सेटलाच हात गळून पडतात. उकड्या तांदळाची पेज व्यायामाआधी दीड-दोन तास घेतल्यास पोटाला हलकी जाते आणि पाणी व मीठही पुरवते. नाचण्याचे तिझनही (गोड पेजही) चांगले, मात्र त्यातील गुळाचा हात आवरता घ्यावा. तक्रार करायचीच असेल तर ती भाताऐवजी संध्याकाळच्या मिरचीभज्यांविषयी करावी.

९. झोप खरोखर इतकी महत्त्वाची आहे का? आमच्या नाटकाच्या तालमी तर रात्री दीडपर्यंत चालतात.

प्रौढाला सात ते नऊ तास झोप लागते. वाढीचे संप्रेरक मोठ्या प्रमाणात गाढ झोपेत स्रवते, आणि सलग काही रात्री झोप कमी झाली की भूक वाढते, उचललेले वजन नेहमीपेक्षा जड वाटते व दुखापतीचा धोका वाढतो. वजन कमी करू पाहणाऱ्यांत अपुऱ्या झोपेमुळे चरबीऐवजी स्नायू अधिक प्रमाणात झडतात, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

उत्सवी नाटकाची तालीम सोडा असे गोव्यात कोणी कोणाला सांगू नये, आणि सांगितले तरी ऐकले जाणार नाही. त्याऐवजी नाटकाचा महिना वेगळा आखावा. सकाळी साडेपाचचा व्यायाम बंद करून तो संध्याकाळी न्यावा, आठवड्यातील तीन दिवसांचे दोन करावेत, आणि वजन तेवढेच ठेवून सेट निम्मे करावेत. एवढ्या कामावर कमावलेली ताकद टिकते. दुपारी वीस-तीस मिनिटांची डुलकी घ्यावी. गोव्यात दुपारी दुकाने बंद करण्याची जी रीत आहे तिला बाहेरचे लोक हसतात, पण तिच्यात शहाणपण आहे. तालमीच्या मध्यांतरातील चहा मात्र जपून घ्यावा, कारण रक्तातील कॅफीन निम्मे व्हायला साधारण पाच-सहा तास लागतात. प्रयोग झाल्यावर एका आठवड्यात पूर्ववत व्हावे. पुढच्या जत्रेचे नाटक लगेच सुरू होत असेल, तर निदान खलनायकाची भूमिका दुसऱ्याला द्यावी.

१०. मी रात्रपाळीला असतो. व्यायाम कधी करावा?

हॉटेल, कॅसिनो आणि वेर्ण्याचे औषधकारखाने यांत काम करणाऱ्यांचा हा नेहमीचा प्रश्न आहे. घड्याळाची वेळ पाहण्यापेक्षा झोपेपासूनचे अंतर पाहावे. सकाळी घरी येऊन खोली पूर्ण अंधारी करून झोपावे, उठल्यावर खावे आणि पाळीला जाण्यापूर्वी व्यायाम करावा. पाळी संपल्यावर लगेच जड वजन उचलू नये, कारण थकव्यात हालचालीची शिस्त सुटते. पाळीच्या उत्तरार्धात चहा-कॉफी टाळावी. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर बदलाच्या आठवड्यात प्रश्न ९ मधील निम्म्या सेटचा नियम लावावा. आणि डोळे मिटत असताना दुचाकी चालवू नये. निघण्याआधी तासाभराची वामकुक्षी कामाच्या जागीच घ्यावी.

११. घामाने निथळतो. पाणी किती प्यावे, आणि शहाळे पुरते का?

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत हवेतील दमटपणामुळे घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. म्हणून तितक्याच तापमानाच्या कोरड्या गावापेक्षा येथे व्यायाम जड जातो. शरीर सरावायला सात ते चौदा दिवस घेते, तोवर वेग कमी ठेवावा आणि व्यायाम सकाळी सातच्या आत उरकावा. व्यायामाच्या आधी व नंतर वजन करावे. एक किलो घटले म्हणजे सुमारे एक लिटर पाणी गेले. तहानेनुसार प्यावे, पण तासाभरात तीन-चार लिटर ढोसू नये, कारण त्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीला उतरू शकते. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम त्या मानाने कमी असते, तर घामातून प्रामुख्याने सोडियम जाते. म्हणून तासाभराहून अधिक घाम गाळल्यास शहाळ्याबरोबर मिठाची पेज किंवा सोलकढीही घ्यावी. रक्तदाबाच्या रुग्णांनी मात्र मीठ डॉक्टरांना विचारून वाढवावे. व्यायामात एखादा असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला तर तो उष्माघात समजून आधी त्याच्या अंगावर भरपूर थंड पाणी ओतावे आणि त्याच वेळी १०८ ला फोन करावा.

१२. पावसाळ्यात चालणे बंद होते. मग?

पडवीत दोरीवरच्या उड्या, जिन्याची चढ-उतार, बैठका आणि सूर्यनमस्कार यांवर चार महिने सहज निघतात. पावसाळी समुद्रात पोहण्याचा मोह मात्र धरू नये.

१३. चरबी कमी करणे आणि ताकद वाढवणे एकाच वेळी जमते का?

नवशिक्याला, बऱ्यापैकी चरबी असलेल्याला आणि दीर्घ खंडानंतर परतणाऱ्याला जमते; अनेक वर्षे नियमित व्यायाम करणाऱ्या सडपातळ माणसाला फार अवघड जाते. रोजच्या गरजेपेक्षा ३०० ते ५०० कॅलरी कमी घ्याव्यात, प्रथिने प्रश्न ६ मधील वरच्या आकड्याला ठेवावीत आणि वजन आठवड्याला अर्ध्या ते एक टक्क्याहून वेगाने उतरू देऊ नये. उचलण्याचे वजन घसरू लागले तर आहारातील काटछाट फार झाली असे समजावे. कंबरेचे माप आणि वही यांवर अधिक विश्वास ठेवावा. काटा रोजच्या पाण्यानेही हलतो.

१४. प्रोटीन पावडर आणि क्रिएटिन घ्यावे का?

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या भुकट्या टाळण्यास सांगितले आहे. माझे मत किंचित सौम्य आहे : भुकटी हे अन्नच आहे, पण महाग अन्न आहे, आणि शाकाहारी माणसाला वेळेअभावी आकडा गाठता येत नसेल तरच ती सोय ठरते. क्रिएटिन मोनोहायड्रेट (स्नायूंना झटपट ऊर्जा पुरवण्यास मदत करणारी भुकटी) दिवसाला ३ ते ५ ग्रॅम घेतल्याने जड व्यायामातील क्षमता थोडी वाढते, हे चांगल्यापैकी सिद्ध झाले आहे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. व्यायामशाळेतील कोणी इंजेक्शनाची गोष्ट काढली तर ती व्यायामशाळा बदलावी.

१५. शनिवारच्या दोन पेगांनी काय बिघडते?

फेणी असो वा बिअर, मद्य झोप लवकर आणते पण ती उथळ करते, आणि जड व्यायामानंतर भरपूर घेतल्यास स्नायूंत प्रथिने घडण्याचे काम मंदावते. घ्यायचीच असेल तर ती व्यायामाच्या संध्याकाळी घेऊ नये, आणि आधी जेवावे. घेणे कमी केल्याने तोटा होत नाही, बंद केल्याने तर मुळीच नाही.

१६. तीन महिने प्रगती झाली आणि मग सर्व थांबले. आणखी जोर लावू का?

आधी वही, झोप आणि ताट तपासावे, कारण बहुतेक वेळा त्यांपैकी एक ढासळलेले असते. ते ठीक असूनही सकाळची नाडी नेहमीपेक्षा जलद, मन चिडचिडे, झोप तुटक आणि नेहमीचे वजन जड वाटत असेल, तर एक आठवडा सेट निम्मे करून वजनही थोडे उतरवावे. पुढच्या आठवड्यात वजन पुन्हा वर गेले, तर विश्रांतीचीच उणीव होती हे कळते. काही आठवडे विश्रांती घेऊनही थकवा हटत नसेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व यांची तपासणी करून घ्यावी.

१७. मी रविवारी फुटबॉल खेळतो. पायांचा व्यायाम कधी करावा?

जड व्यायाम बुधवारी किंवा फार तर गुरुवारी करावा. सामन्याच्या आदल्या दिवशी भात नेहमीपेक्षा अधिक खावा आणि पाय मोकळे ठेवावेत.

१८. मी दिवसभर कुळागरात (पोफळीच्या बागेत) राबतो. मला वेगळ्या व्यायामाची काय गरज?

श्रमाने दम आणि पकड उत्तम राहते. माडावर चढणाऱ्या पाडेलीची पकड व्यायामशाळेतील कित्येकांना लाजवील. तथापि कामात त्याच त्या हालचाली, बहुधा एकाच बाजूने, होत राहतात आणि ओझे हळूहळू वाढवण्याची सोय नसते. अशा माणसाला आठवड्यातून दोन दिवस, २५ मिनिटे पुरतात, आणि त्यात कामात न होणाऱ्या हालचाली घ्याव्यात : वाकून काम करणाऱ्याने ओढण्याचे प्रकार, एका खांद्यावर भार घेणाऱ्याने दुसऱ्या बाजूचे. त्याला खरी उणीव बहुधा अन्नाची असते, आणि सकाळच्या पेजेबरोबर फक्त लोणचे असेल तर ती भरून निघत नाही.

१९. वय ६५, मधुमेहाची गोळी चालू. वजन उचलणे सुरक्षित आहे का?

या वयात ते चालण्याइतकेच आवश्यक आहे, कारण स्नायू घटल्यानेच तोल जातो आणि माणूस पडतो. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठणे ही चांगली सुरुवात आहे. श्वास रोखून जोर लावू नये, विशेषतः मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्याला इजा झाली असेल तर. इन्सुलिन किंवा साखर वेगाने उतरवणारी गोळी घेणाऱ्यांनी खिशात खडीसाखर ठेवावी, व्यायामाआधी साखर तपासावी आणि रोज पावलांवरील जखमा पाहाव्यात. छातीत दाब आला किंवा दम लागून बसावे लागले तर तेथेच थांबावे.

२०. पाळीच्या दिवसांत व्यायाम थांबवावा का? आणि पाळीच थांबली तर?

थांबवण्याची गरज नाही. त्रास होत असेल तर त्या दिवसापुरता हलका करावा. मात्र व्यायाम वाढवून आहार कमी केलेल्या मुलीची पाळी तीन महिने आली नाही, तर शरीराला अन्न पुरत नाही असा त्याचा अर्थ असू शकतो. त्यात हाडेही कमकुवत होतात, म्हणून गर्भधारणेची शक्यता तपासून डॉक्टरांना भेटावे आणि तोवर व्यायाम कमी करून खाणे वाढवावे.

२१. ताप येऊन गेला. परत कधी सुरू करू?

ताप असताना व्यायाम करू नये. नुसती सर्दी असेल तर चालण्यास हरकत नाही. डेंगूनंतर प्लेटलेट पूर्ववत झाल्याचे डॉक्टरांनी सांगेपर्यंत फुटबॉलसारखे धक्काबुक्कीचे खेळ टाळावेत, आणि अशक्तपणा काही आठवडे राहतो हे गृहीत धरावे. परतताना प्रश्न २२ मधील क्रम पाळावा.

२२. मी धोंड (लईराई देवीचा व्रत घेतलेला भक्त) आहे. शिरगावच्या जत्रेच्या व्रतात व्यायाम सुटतो. कमावलेले सर्व जाते का?

जात नाही. दोन-तीन आठवडे जड व्यायाम सुटला तरी ताकद बहुतांशी टिकते. दम मात्र लवकर उतरतो. व्रत वैशाखाच्या उन्हाळ्यात येते, खाणे मर्यादित असते आणि जत्रेच्या रात्री झोप नसते, म्हणून त्या दिवसांत फक्त सकाळचे चालणे ठेवावे आणि पाण्याकडे लक्ष द्यावे. व्रतानंतर पहिल्या दिवशी आधीच्या सुमारे ७० टक्के वजनावर, दोनच सेट करून परतावे, आणि आठ-दहा दिवसांत पूर्वीच्या आकड्याला यावे. अग्निदिव्य (निखाऱ्यांवरून चालणे) केल्यानंतर तळपायांना भाजले किंवा फोड आले असतील, तर ते पूर्ण भरेपर्यंत धावणे, उड्या आणि उभ्याने उचलण्याचे प्रकार थांबवून बसून होणारे हातांचे व्यायाम करावेत.